टपालपेटीच्या खांबाला भोक पडलंय आणि त्यात 'ल' अर्धा गेलाय

तळजाईची

परवा दिवाळी अंक आला. आला म्हणजे पोस्टमनने तो पेटीत टाकला आणि पेटीच्या कुशीतल्या भोकातून तो अर्धा रस्त्यावर लोंबत राहिला. क्लासला निघालेल्या एका मुलीने बेल वाजवून हातात आणून दिला तेव्हा मुखपृष्ठाचा कोपरा कोणत्या तरी चतुष्पादाने चाखलेला होता. माझी सहनशक्ती तिथे संपली, म्हणून इथे मंचावर विचारते आहे.

पुण्यात सहकारनगरात आमचं १९७४ सालचं बैठं घर आहे. फाटकाचा उजवा खांब विटांचा, दीड फूट रुंद, वरून गिलावा. त्याच खांबात पत्र्याची पेटी बसवलेली आहे. रस्त्याच्या अंगाला फट, अंगणाच्या अंगाला कुलपाचं दार. फटीच्या खाली वडिलांनी ओल्या गिलाव्यात खिळ्याने 'टपाल' असं लिहून ठेवलंय. फट पाहून पोस्टमनला न कळण्यासारखं त्यात काय होतं, हा प्रश्न आईने त्यांना आयुष्यभर विचारला.

गेल्या वर्षी शेजारचा बंगला पुनर्विकासाला गेला. खडीचा डंपर मागे घेताना त्याचा कोपरा खांबाला लागला. साइटवरचा सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, संध्याकाळपर्यंत नवं करून देतो," आणि एक मुलगा पाठवला. त्याने भोकात सिमेंटच्या गोणीचा कागद कोंबला, वर पांढरी पुट्टी थापली आणि पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली. दोन महिने फार देखणं दिसत होतं. जूनच्या दुसऱ्या की तिसऱ्या पावसात ते सगळं वडी सुटावी तसं एका तुकड्यात सुटून आलं. येताना आजूबाजूचा गिलावाही घेऊन आलं.

आता भोक वीतभर उंच आणि चार बोटं रुंद आहे. अर्धी वीट गायब. मागे पेटीचा पत्रा दिसतो, त्याला बोट लावलं की पापडासारखा चुरा पडतो. आत एका कोपऱ्यात मातीची इवलीशी मडकी चिकटवलेली आहेत, ती कुणाची ते माहीत नाही. आणि 'टपाल'मधला 'ल' उजवीकडून अर्धा गेलाय.

दोन गवंडी येऊन पाहून गेले. पहिला म्हणाला, एवढ्याशा कामाला कोण येणार? दुसरा म्हणाला, खांब पाडून नवा बांधू, ग्रॅनाइट लावू, वर लेझरने नाव कोरून आणू. मला ग्रॅनाइट नको, मला तीन अक्षरं टिकवायची आहेत. हे घरच्या घरी जमण्यासारखं आहे का? सिमेंटचा अनुभव शून्य, भाकऱ्या थापण्याचा चाळीस वर्षांचा.

तिरकस

मावशी, पेटीच काढून टाका. पत्रं पाठवतंय कोण? रजिस्टर्डसुद्धा बंद झालं की आता.

तळजाईची

तिरकस, रजिस्टर्ड बंद नाही झालं, २०२५ साली ते स्पीड पोस्टात विलीन झालंय. माझ्याकडे विम्याच्या नोटिसा येतात, मिळकतकराचं बिल येतं, दिवाळी अंक येतात आणि नागपूरची मैत्रीण अजून पोस्टकार्ड टाकते. पेटी राहणार. भोकाबद्दल काही सुचत असेल तर बोला.

ओळंबा

ताई, नमस्कार. मी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. काम घरी जमण्यासारखं आहे. पण आज थापी हातात घेऊ नका. आधी दोन गोष्टी करा.

पहिली, खांब वाजवा. पाच रुपयाचं नाणं किंवा लहान हातोडीची मूठ घ्या आणि भोकाच्या कडेपासून बाहेर-बाहेर हलकं टकटक करत जा. गिलावा विटेला धरून असेल तिथे खणखणीत वाजतो. सुटलेला असेल तिथे बद्द वाजतो. बद्द भागाभोवती खडूने रेघ मारा. तुम्हाला दिसतं ते भोक लहान असतं, खडूची रेघ हे खरं भोक. त्या मुलाची पुट्टी पडली ती नुसती पुट्टी वाईट म्हणून नव्हे. पुट्टी ही एक-दोन मिलिमीटरचा हात मारायची वस्तू. ती त्याने दोन इंच भरली, तीही कागदावर आणि सुटलेल्या कडांना चिकटवून.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आतून सुटलेला गिलाव्याचा एक तुकडा हातात घ्या. रंग कसा आहे? राखाडी की पांढुरका? मोडलेल्या कडेवर नखाने किंवा नाण्याने ओरखडा काढा. मधे मधे पांढरे ठिपके दिसतात का? हे मला सांगा, मग पुढचं सांगतो. १९७४ साल वाचून मनात शंका आली आहे.

कोथरूडकर

इतकं कशाला? हार्डवेअरच्या दुकानात पॉलिमरवाला रेडिमिक्स रिपेअर मॉर्टर मिळतो, पाणी घालायचं, भरायचं, विषय संपला. दगडासारखं होतं. आमच्या बाल्कनीच्या कडेला लावलंय, हातोडीने पण तुटत नाही.

तळजाईची

ओळंबा काका, वाजवलं. शाळेतल्या तंबोऱ्यानंतर प्रथमच काहीतरी इतक्या लक्ष देऊन वाजवलं. खडूची रेघ भोकाच्या दुप्पट मोठी निघाली. 'प'च्या पायथ्याशी थांबली, म्हणजे 'टपा' खणखणीत आहे, 'ल' पूर्ण बद्द.

तुकडा पांढुरका आहे, किंचित पिवळट. नखाने भुकटी निघते. आणि हो, तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके आहेत. वाळू काळी आणि गोल. काय निदान?

ओळंबा

मला वाटलंच होतं. ताई, तुमचा खांब चुन्याचा आहे. ते ठिपके म्हणजे नीट न मिसळलेल्या चुन्याच्या कण्या, आणि वाळू नदीची.

त्या काळात सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं, परमिटवर मोजून मिळायचं. ते नियंत्रण १९८२ साली थोडं सैल झालं आणि १९८९ साली पूर्ण उठलं. त्यामुळे हाती आलेलं सिमेंट लोक पायाला आणि स्लॅबला वापरत आणि कंपाउंड, खांब, माळीखोली चुन्यात उरकत. तुमच्या वडिलांनीही तेच केलेलं दिसतंय. उरकलं म्हणालो खरा, पण पन्नास वर्षं टिकलं.

आता कोथरूडकर यांचा सल्ला. त्यांच्या बाल्कनीला तो माल बरोबर आहे, कारण ती बाल्कनी काँक्रीटची. चुन्याच्या खांबात तोच माल भरला तर ठिगळ दगडासारखं होईल, आणि तीच पंचाईत आहे. मऊ कापडाला ताडपत्रीचं ठिगळ लावल्यावर ताडपत्री फाटत नाही, तिच्या शिवणीशेजारचं कापड फाटतं. चुन्याचा गिलावा उन्हा-पावसात थोडा हलतो, पाणी पितो आणि वाळताना ते बाहेर टाकतो. मधे घट्ट ठिगळ आलं की पाणी त्याच्या कडेने वाट शोधतं. दोन पावसाळ्यांत ठिगळ साबूत आणि भोवतीचा 'टपा' खाली. म्हणून भरणारा माल जुन्यापेक्षा फार कडक नको.

तुमच्यासाठी माल असा: एक वाटी सिमेंट, एक वाटी चुना, सहा वाट्या वाळू. आमटीची कोणतीही वाटी चालेल, फक्त तिघांना एकच. चुना पानवाल्याचा नव्हे, पिशवीत भुकटी मिळते तो विरवलेला. तो आदल्या रात्री पाण्यात भिजवून दह्यासारखा करून ठेवा. सिमेंट सुटं एक किलो घ्या, अख्खी गोणी नको. गुठळ्या असतील तर ते मेलेलं सिमेंट, परत करा. वाळू म्हणजे आता क्रश सँड, दगड फोडून केलेली. ती प्लास्टरची बारीक मागा आणि चाळणीने चाळा. वर आलेली खडी कुंडीत टाका.

रबरी हातमोजे आणि डोळ्याला चष्मा हवाच. भाकरीच्या पिठासारखा हाताने मळाल तर रात्री बोटं सोलून निघतील. डोळ्यात चुना गेला तर गंमत नाही.

गच्चीवरची बाग

ती मातीची मडकी कुंभारीण माशीची. मादी चिखल आणून मडकं करते, आत अंडं घालते, अळ्या कोंबते आणि तोंड लिंपून टाकते. मडक्याला भोक असेल तर पिल्लू उडून गेलेलं, खुशाल खरवडा. बंद असेल तर अलगद सोडवून कुंडीच्या आडोशाला ठेवा. एकटी राहणारी माशी आहे, गांधीलमाशीसारखी थव्याने अंगावर येत नाही.

गिलावा करायला तिलाच बोलवा खरं तर. एवढ्याशा कामाला येते ती.

ओळंबा

बागवाल्यांचं बरोबर आहे!

ताई, मूळ दुखणं डंपर नाहीच. पत्रा गंजला की फुगतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. पेटीने आतून गिलावा ढकलून आधीच सुटा केला होता, डंपरने फक्त टिचकी मारली. जुनी पेटी तशीच ठेवून भोक बुजवलं तर चार वर्षांनी परत इथे लिहाल. पेटी बदला. जस्ती पत्र्याची करून घ्या, तळाला मागच्या बाजूने किंचित उतार आणि दोन बारीक भोकं, म्हणजे आत आलेलं पाणी थांबणार नाही. ॲल्युमिनियम हलकं आणि दिसायला छान, पण ओला चुना आणि सिमेंट त्याला खातात. ते मालाला चिकटून बसवायचं नाही.

आणि पाणी आत येतं कुठून? फटीतून. फटीवर छज्जा आहे का? नसेल तर शहाबादी फरशीची एक पट्टी बसवा, दोन इंच बाहेर, पुढे उतार देऊन. पट्टीच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेपासून बोटभर आत, ग्राइंडरने एक खाच मारून घ्या. पावसाचं पाणी दगडाच्या पोटाला धरून भिंतीकडे सरकत येतं. खाच आली की तिथेच टपकतं.

आता काम. 'प' आणि 'ल' यांच्यामधे ग्राइंडरने एक सरळ उभी चीर घ्या, गिलाव्याच्या जाडीपुरतीच. छन्नीचा हादरा मग 'टपा'पर्यंत जाणार नाही. त्यानंतर खडूच्या आतलं सगळं काढा. दया करू नका. कडा तिरप्या निमुळत्या ठेवू नका, आतून किंचित रुंद ठेवा, म्हणजे माल अडकून बसेल. धूळ ब्रशने काढा आणि खांब आदल्या संध्याकाळी आणि सकाळी असा दोनदा भिजवा. कोरड्या विटा मालातलं पाणी ओढून घेतात, मग माल वाळतो पण धरत नाही. अर्धी वीटही बुडबुडे थांबेपर्यंत बादलीत बुडवून मग बसवा.

पहिला हात अर्ध्या इंचाचा. थापीने लावायचा नाही, थापीवरून मारायचा, चप्पकन आवाज आला पाहिजे. तासाभराने त्यावर जुन्या काट्याचमच्याने आडव्यातिडव्या रेघा ओढा आणि घरात जा. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, पाव इंचाचा, जुन्या गिलाव्याच्या पातळीला. लाकडी रंधा, म्हणजे गिलावा सपाट करायची मुठीची फळी, गोल फिरवा. तुमचा जुना गिलावा खरबरीत सनला, म्हणजे वाळूच्या पोताचा असेल तर शेवटी ओल्या स्पंजाने थोपटा, वाळूचे कण वर येतात. लोखंडी गुरमाळा फिरवून गुळगुळीत करू नका, ठिगळ लांबूनच ओळखू येईल.

सात दिवस वर ओलं गोणपाट. रंग महिनाभर नाही.

तळजाईची

काका, हे मी छापून फ्रिजवर लावलंय. एक राहिलं. 'ल' कसा लिहायचा आणि कधी?

आणि हा 'ल' म्हणजे इथे तुम्हाला टाइप झालेला दिसतोय तो कदाचित नसेल. काही फोनवर उभ्या दांड्याचा ल दिसतो. वडिलांचा ल आपला मराठी, पाकळीचा, शाळेत बाईंनी पट्टी मारून गिरवून घेतलेला.

तिरकस

आता हा खरा प्रश्न. दांड्याचा ल काढलात तर पोस्टमन पुढच्या घरी जाईल.

ओळंबा

दुसरा हात झाल्यावर थांबा. माल ओढायला लागला की अंगठा दाबून बघा. ठसा उमटला पाहिजे आणि अंगठ्याला काही चिकटता कामा नये. नोव्हेंबरच्या हवेत दीड-दोन तास लागतील, पण घड्याळावर जाऊ नका, अंगठ्यावर जा. आधी केलंत तर कडा ढासळतात, उशीर केलात तर खिळा नुसता खरडतो. एकदा ओढलेली रेघ परत गिरवायची नाही.

फरशीच्या तुकड्यावर माल लावून आधी सराव करा.

तळजाईची

दोन आठवड्यांनी लिहिते आहे.

पेटी रविवार पेठेत करून घेतली. कारागिराने विचारलं, "आत नक्की काय ठेवणार?" पत्रं म्हटल्यावर तो हसला आणि उतार मात्र अगदी सांगितला तसा दिला. बाकी सामान बोहरी आळीतून आणलं. सुटं सिमेंट एक किलो मागितल्यावर दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एक चमचा पेट्रोल मागितलंय. चुना दोन किलोच्या खाली मिळेना.

ग्राइंडर शेजारच्या साइटवरच्या फरशीवाल्याकडून चालवून घेतला, शहाबादीची खाचही त्यानेच मारून दिली. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. डंपर त्यांचा नव्हता, पण साइट तीच, म्हणून मीही फार आग्रह केला नाही.

जुनी पेटी उपसून काढताना तिच्यामागून एक आंतर्देशीय पत्र निघालं. पूर्ण चिकटून लगदा झालेलं, एक अक्षर वाचता येईना. ते कधीचं आणि कुणाचं, विचारू नका, मी दोन दिवस त्यातच होते.

मडकी तीन होती. तिन्हींना भोकं, पिल्लं गेलेली.

माल मारायचं तंत्र पहिल्या पाच फेकींत जमलं नाही, माझी चप्पल जास्त भरली. भाकरीचा हात उपयोगी पडला नाही, कारण भाकरी थापायची असते आणि हा माल फेकायचा. सहाव्यांदा चप्पकन आवाज आला. शेजारच्या तिसरीतल्या नातवाने टाळ्या वाजवल्या. पहिल्या हातावर काट्याने रेघा ओढताना काटा वाकला. स्टेनलेसचा होता, लग्नातला.

आता 'ल'. वडिलांनी मला होस्टेलवर पाठवलेली पोस्टकार्डं होती. सगळी 'लवकर'ने सुरू. लवकर झोपत जा, लवकर पत्र टाक. त्यातला एक 'ल' निवडला, झेरॉक्सवाल्याकडून चारपट मोठा करून घेतला आणि फरशीवर अकरा वेळा काढला. पाकळ्या हाताला येत नव्हत्या. दुसरी पाकळी पहिलीपेक्षा लहान आणि शेपूट खाली न ओढता उजवीकडे सोडलेलं, हे त्यांचं वळण. नवव्या वेळी लक्षात आलं की ते शेपूट खिळा न उचलता काढायचे.

खांबावर अंगठ्याची परीक्षा दोनदा नापास झाले, सव्वादोन तासांनी पास. एका दमात काढला. 'टपा'पेक्षा केसभर खाली उतरलाय, कारण मी त्यांच्यापेक्षा बुटकी आणि स्टूल आणायचं विसरले.

गोणपाट आज काढलं. ठिगळ ओळखू येतं, रंग थोडा गडद आहे. नाण्याने वाजवलं, खणखणीत.

कोथरूडकर

मान्य. फोटो टाका की.

तळजाईची

रंग झाल्यावर टाकीन. रंग कोणता लावू? दुकानदार ॲक्रिलिक इमल्शन घ्या म्हणतोय, धुता येतं म्हणे.

ओळंबा

खांब धुवायचा कशाला? प्लास्टिकसारखा पापुद्रा बसला की आतलं पाणी आतच. चुन्याचे दोन पातळ हात द्या, त्यात पिवळी माती घालून छटा जुळवा. ठिगळापुरतं नको, पूर्ण बाजू कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. म्हणजे सांधा नजरेत येत नाही. अक्षरांच्या खाचांत रंग साचू देऊ नका, कोरड्या ब्रशने टिपून घ्या.

'ल' खाली उतरला तो तसाच राहू द्या.

आणि ताई, फाटकाचा डावा खांब वाजवून पाहिलात का?

तळजाईची

पाहिला. बद्द.

चुना दीड किलो उरलाय. ठेवून देते.